भावोजींचा होकार

रत्नागिरी, सरकारी दवाखाना
९ एप्रिल १९८५

भावोजी,

धाकूचा नमस्कार. पत्राला मायना कसा घालतात ते शाळेत शिकवलं होतं म्हणे. त्या दिवशी मी नदीवर असणार. तेव्हा सरळच लिहितो.

मैनाला लागलंय. पायाला लागलंय आणि जरा पोटाला. काल आम्ही तिला इथे आणली. ताई आणि मी तिच्याजवळ आहोत, तुमचे आप्पा गावी आहेत. काळजीचं तसं काही नाही. डॉक्टर चांगले आहेत, उंच आहेत, दारातून येताना मान वाकवतात.

तुमची कावीळ कशी आहे? ताई सांगते, उठायची घाई करू नका, उसाचा रस प्या. मी मधे सांगलीला हॉटेलात होतो तेव्हा तिथला आचारी कावीळ झालेल्या माणसाला मुळ्याचा पाला खायला घालायचा. माणूस बरा झाला की पाला नको झाला, कोण जाणे, पण उठून पळाला खरा.

मी ताईकडे सहज आलो होतो. गणपतीपुळ्याला फोटोवाल्याच्या हाताखाली होतो, ते सोडलं. खेडला ट्रकवर काम आहे असं कुणी म्हणालं, तिकडे निघालो होतो, वाटेत सावर्ड्याला उतरलो. बरं झालं उतरलो.

शेजारच्या खाटेवर ठमाबाई म्हणून मासेवाली आहे. खुबा मोडलाय, तोंड शाबूत आहे. नर्सबाईंना सकाळपासून तीनदा रडवलान. ताईला मात्र आपल्या डब्यातला भात देते.

हे पत्र रातराणीच्या कंडक्टरबरोबर देतोय. ओळखीचा आहे. परळच्या डेपोवर तुमच्या खोलीतल्या कुणाला तरी पाठवा, उत्तरही त्याच्याकडेच द्या. टपालाने फार वेळ जाईल, आणि तुमच्या वॉर्डात फोनवर कोण बोलावणार.

तुमचा मेव्हणा,
धाकू



मुंबई
११ एप्रिल १९८५

चि. धाकू,

आशीर्वाद. तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात आचारी आहे, ठमाबाई आहे, डॉक्टरची उंची आहे. माझ्या पोरीला काय झालंय ते कुठे आहे?

कैऱ्या काढायला झाडावर चढली असणार. गेल्या मे महिन्यात मी तिला दोनदा उतरवली. तिला दम दे. बाबा आले की बघतील म्हणावं.

पायच मोडला असेल तर महिपतला का बोलावला नाही? माझा निखळलेला खांदा त्यानेच बसवला, अजून पोती उचलतो त्या खांद्याने. रत्नागिरीला न्यायचं कुणी ठरवलं? देवीला कौल लावला होता का? आप्पांना विचारल्याशिवाय तू काही करत नाहीस ना? तू आमच्या घरचा पाहुणा, तुझा स्वभाव उतावळा. विमल भित्री आहे, तू म्हणशील त्याला मान डोलवेल.

मला अजून धड उभं राहवत नाही. डोळे पिवळे, लघवी पिवळी. इथले डॉक्टर उठू देत नाहीत. खरं काय ते लिही. खरं ऐकून माणूस मरत नाही.

काशीराम



रत्नागिरी
१२ एप्रिल १९८५

भावोजी,

तुम्ही म्हणालात खरं लिही. ताई म्हणत होती लिहू नको, त्यांना दुखणं आहे. पण आता लिहायलाच हवं, तुम्हाला काही विचारायचंय. ते शेवटी विचारतो. आधी सगळं सांगतो, मधे कुठे वाहवत गेलो तर सोडून द्या.

मैना झाडावर चढली नव्हती. वर कातळावर चिरेखाण आहे ना, तिथले ट्रक भरून खाली येतात. पोरं सकाळची शाळा सुटली की मागे लटकून वाडीच्या पाखाडीपर्यंत येतात. सगळीच येतात, मीही एकदा आलो त्यांच्याबरोबर, काय मजा येते सांगू. सोमवारी वळणावर ट्रकचा मागचा फाळका उघडला. बाकीची पोरं कडेच्या दगडी गडग्याकडे फेकली गेली, त्यांना खरचटलं. मैना खाली आणि चिरे तिच्यावर.

मी खळ्यात पान लावत होतो. ओरडा ऐकून धावलो. गाडीवाल्याने पळ काढलान. चिरे उचलून बाजूला टाकले, माझी नखं गेली. पोर शुद्धीत होती. डोक्याला खोक, डावा पाय गुडघ्याखाली चेचलेला, नुसतं रक्त. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, दप्तर कुठाय?"

घरी पडवीत आणून ठेवली. महिपत आला, हो, बोलावला होता त्याला. बांबूच्या कामट्या लावून पाय कापडाने करकचून बांधलान. रक्त थांबलं. सगळ्या वाडीला हायसं वाटलं. सगळे त्या पायाकडेच बघत होते. ती मधूनमधून म्हणायची पोटात दुखतंय, तर कुणीतरी म्हणालं सकाळपासून उपाशी आहे, आणि वाटीभर पेज पाजली.

मी आप्पांना म्हटलं गाडी बघतो. आप्पा म्हणाले कौल लावल्याशिवाय पोर वेशीबाहेर जाणार नाही. देवीला चिकटवलेला उजवा कळा पडला तर न्यायची, डावा पडला तर ठेवायची. आणि सखाराम गुरव गेलेला सावर्ड्याच्या बाजाराला. त्याला शोधायला माणूस पाठवला. भावोजी, उन्हं पडवीतून खळ्यात उतरली तरी गुरव नाही. मी आप्पांना वाटेल ते बोललो. मोठ्या माणसाला बोलू नये ते बोललो. ते खांबाला धरून बसले होते. म्हणाले, "तिचा बापूस घरात नाही. मी एकटा कुणाच्या जोरावर पाठवू?"

मी वेशीवर जाऊन गुरवाची वाट बघत उभा राहिलो.

गुरव आला, आंघोळ केलान, कळे लावलान. उजवा पडला. देवीने जा म्हणून सांगितलं. पण तोपर्यंत पोर पांढरी पडली होती. ओठ पांढरे, पोट ढोलकीसारखं ताठ, हाक मारली तर नुसतं अं करायची. पायाचं बांधलेलं कुणी सोडलं नाही, सोडलं तर रक्त येईल म्हणून.

पडवीचं दार बिजागरीवरून काढलं, त्यावर तिला निजवली आणि हायवेवर नेली. मासे आणायला रिकामा चाललेला टेम्पो मिळाला. सावर्ड्याच्या डॉक्टरांनी हाताला सलाईन लावलं, म्हणाले माझ्या हातातलं काम नाही, रत्नागिरीच गाठा. मला म्हणाले, इकडे ये, हे शिक. तिची हनुवटी अशी दोन बोटांनी वर उचलून धर, जीभ मागे पडली तर श्वास कोंडेल. उलटी झाली तर मान एकटी फिरवू नको, सगळं अंग एकदम कुशीवर कर. हनुवटी सोडू नको.

मी सोडली नाही. संगमेश्वर गेलं, बावनदीचा उतार गेला, ड्रायव्हर प्रत्येक वळणाला देवाचं नाव घेत होता. पेज बाहेर आली तेव्हा ताई आणि मी तिला कुशीवर केली, तिने दोनदा श्वास घेतलान नाही, मग घेतलान. टेम्पोत माशाच्या पाण्याचा वास. ताई सलाईनची बाटली उभी धरून.

इथे पोचल्यावर मात्र कुणी काही विचारत बसलं नाही. कपडे कापले, दोन्हीकडून सलाईन, नाकाला ऑक्सिजन. उंच डॉक्टरांनी पोटात सुई घातली, त्यात रक्त आलं. म्हणाले, पोटातली पानथरी म्हणजे प्लीहा फुटली आहे, आत्ताच्या आत्ता पोट उघडायला हवं, रक्त कोण देणार? माझं जुळलं. माझं काहीतरी कुणाला जुळलं. टेम्पोवाला परका माणूस, त्यानेही दिलं. पानथरी काढून टाकली. बरगड्या मोडल्यात, छातीत नळी घातली आहे, ती खाली पाण्याच्या बाटलीत सोडली आहे. श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे येतात. मी दिवसभर ते बुडबुडे बघत बसतो. गणपतीपुळ्याला पोरं साबणाचे बुडबुडे उडवतात, आता मला ते कधी बघवणार नाहीत.

हे असं वाहवतो मी. आता विचारायचं ते विचारतो.

पोट बरं आहे. डोकंही बरं आहे, मधेमधे ओळखते. पाय गेला आहे, भावोजी. बोटं काळी झालीत. वास येतो. ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणाले, महिपतने बांधलं नसतं तर पोर वाटेतच गेली असती, आणि बांधून इतका वेळ ठेवलं नसतं तर पाय राहिला असता. दोन्ही खरं आहे म्हणाले. आता गुडघ्याच्या वर कापायचा. नाहीतर विष अंगभर चढेल आणि मग कापूनही उपयोग नाही. परवा सकाळपर्यंत थांबतो, त्यापुढे नाही, असं म्हणालेत.

ताई अंगठा देत नाही. म्हणते, पोर त्यांची आहे, त्यांच्या शब्दाशिवाय मी हात लावू देणार नाही. मी सांगून बघितलं, डॉक्टरांनी, ठमाबाईनेसुद्धा. भिंतीला टेकून बसते आणि तेच म्हणते.

तुम्ही हो लिहा. एवढं एकच लिहिलंत तरी चालेल. पाया पडतो.

धाकू



मुंबई
१३ एप्रिल १९८५

धाकू,

तुझं पत्र वाचल्यापासून मी खाटेला धरून बसलोय.

पाय कापायचा नाही.

तू बाईमाणूस नाहीस, तुला कळायचं नाही. पाय नसलेल्या पोरीचं पुढे काय? शेतावर काय करेल? लावणीला कशी उभी राहील? कोण करून घेईल तिला? आमच्या माघारी ती कुणाच्या पडवीत बसून राहील? तू आज आहेस, उद्या खेडला, परवा आणि कुठे. ती तिथेच असणार.

आप्पांना कळव. सखारामला कौल लावायला सांगा. उजवा पडला तर कापा, मी काही बोलणार नाही. डावा पडला तर घरी आणा, महिपत बघेल. मागच्या वेळी देवीने बरोबरच सांगितलं होतं ना?

मी हो म्हणणार नाही. माझ्या तोंडून ते येणार नाही. देवीला विचारा.

काशीराम



रत्नागिरी
१५ एप्रिल १९८५

भावोजी,

हे पत्र वाचून तुम्ही मला दारात उभं करणार नाही. नका करू.

तुमचं पत्र काल सकाळी आलं. मी एसटी स्टँडवर जाऊन घेतलं आणि तिथेच वाचलं. मग बराच वेळ स्टँडवर फिरलो. एक गाडी मिऱ्याला लागली होती, एक देवरुखला. मी खरं सांगतो, देवरुखच्या गाडीत चढून बसलो होतो. तिकीट काढायच्या आधी उतरलो.

कौल लावायचा तर गावी माणूस जाणार, आप्पांना सांगणार, गुरव कुठे असेल तिथून आणणार, आंघोळ, कळे, परत इथे. डॉक्टरांनी सकाळी बघितलं तेव्हा काळं गुडघ्याजवळ आलं होतं. मैना माझ्याशी बोलली ते धड नव्हतं, आप्पांच्या गोठ्यातली गाय सुटली म्हणत होती. एकदा आम्ही वाट बघितली आहे, भावोजी. देवीने जाच म्हणून सांगितलं, पण आम्ही विचारेपर्यंत पाय गेला. दुसऱ्यांदा मी नाही बसलो.

ताई व्हरांड्यात होती. माझ्या हातात पत्र बघून उठली. ती म्हणाली, "वाच."

मी वाचलं. तुमच्या अक्षरावर डोळे ठेवून वाचलं. "विमल, घाबरू नकोस. डॉक्टर म्हणतात तसं करा. पोर राहू दे, पायाचं मी बघेन." एवढंच. आणखी काही घालायला गेलो असतो तर माझी जीभ चाचरली असती.

ताई म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. तेच शब्द आले की मागेपुढे झाले, माझं मला कळलं नाही. तिने माझ्या तोंडाकडे बघितलान, मग पत्र घेतलान, दुमडून चोळीत ठेवलान. आत जाऊन अंगठा दिलान.

डॉक्टरांना मी काही सांगितलं नाही. त्यांना आईचा अंगठा पुरेसा होता.

ते होऊन गेलं. ती बाहेर आली तेव्हा चादर एका बाजूला सपाट होती. ताईने चादरीवरून हात फिरवला, जिथे काही नव्हतं तिथेही फिरवला. आज ताप आहे, पण कालच्याइतका नाही. डॉक्टर म्हणतात अजून काही सांगता येत नाही, रक्त कमी आहे. मी परत देतो म्हटलं तर मला हाकललं. बंदरावर जाऊन तीन माणसं आणली, ठमाबाईचा धाकटा भाऊ आणि त्याच्या लाँचवरचे दोन खलाशी. ठमाबाईने त्यांना खाटेवरून शिव्या घालून पाठवलान, नाहीतर सुई बघून पळत होते.

भावोजी, ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, तिच्या बाबांनी आजारी असून धीर धरला, हो म्हणाले. आप्पा काल आले. त्यांनाही तेच सांगितलान. आप्पा तुमचं नाव घेऊन रडले.

आता तुम्ही येऊन खोटं पाडाल तर पाडा. दोष माझा. पण ती नीट उठून बसेपर्यंत थांबा.

धाकू



मिरकरवाडा बंदर
२२ एप्रिल १९८५

भावोजी,

उत्तर नाही. कंडक्टरला रोज विचारतो.

मी दवाखान्यात जात नाही आता. ठमाबाईच्या भावाच्या लाँचवर आहे, बर्फ फोडतो, जाळी ओढतो. ताईला सांगितलं काम लागलं. खरं कारण तुम्हाला सांगतो. मैना शुद्धीवर आली त्या दिवशी मी तिथे होतो. तिने चादर उचलून बघितलान. ओरडली नाही. मला विचारलान, कुणी सांगितलं कापायला? मी बोलायच्या आधी ताई म्हणाली, तुझ्या बाबांनी. पोर माझ्याकडे बघत राहिली, जणू मी नाही म्हणेन. मी पाणी आणायला म्हणून उठलो, तो बंदरावर आलो.

समुद्रावर गेलं की बरं वाटतं. किनारा दिसला की मी जाळ्यांच्या मागे जाऊन बसतो.

ती जगली का, एवढं तरी कुणीतरी कळवा. इथून दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, पण मला जाववत नाही. रागावून का होईना, चार ओळी लिहा.

धाकू



रत्नागिरी, सरकारी दवाखाना
२९ एप्रिल १९८५

चि. धाकू,

आशीर्वाद.

ती जगली आहे. आधी हे वाच, मग बाकीचं.

मी परवा आलो. डॉक्टर सोडत नव्हते, सही करून निघालो. गाडीत दोनदा ओकलो. मनात एकच होतं, आधी तुला शोधायचा आणि चार माणसांत तुझ्या थोबाडीत द्यायची. नंतर विमलला खरं सांगायचं. माझ्या पोरीचा पाय मी दिला नाही, हे तिला कळायला हवं होतं. वाटभर तेच बोलत आलो.

वॉर्डात शिरलो तर ती ठमाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हाच तो बापूस." एका नर्सने मला बसायला स्टूल दिलं. आप्पांनी मला जवळ घेतलं. माझ्या लग्नानंतर त्यांनी मला जवळ घेतल्याचं आठवत नाही. मनात म्हटलं, खरं काय ते उद्या सांगू.

मैना उशीला टेकून बसली होती. छातीतली नळी काढली आहे. चेहरा एवढासा झालाय, डोळे तेवढे मोठे. माझ्याकडे बघितलान आणि मान फिरवलान. विमल म्हणाली, तिला पटत नाही. ती म्हणते बाबा असं लिहिणार नाहीत, मामाने काहीतरी केलंय.

मग विमलने चोळीतून ते पत्र काढलान. घडीवर फाटायला आलं होतं. माझ्या हातात दिलान. म्हणाली, "तुमच्याच तोंडून ऐकू दे तिला."

धाकू, मी ते उघडलं. माझं अक्षर. पाय कापायचा नाही, असं पहिल्याच ओळींत लिहिलेलं. पोरगी माझ्याकडे बघत होती. पाळण्यात होती तेव्हापासून ती माझ्या बाजूने असते, तुला माहीत आहे. मी एवढंच वाचायचं होतं. जे लिहिलंय तेच वाचायचं होतं. ती माझ्या गळ्यात पडली असती, आणि तुझं नाव तिने पुन्हा घेतलं नसतं.

खाटेखाली डॉक्टरांनी तिच्यासाठी आणवलेल्या लाकडी कुबड्या होत्या. डॉक्टर म्हणाले होते, आणखी एक दिवस थांबला असतात तर पोर गेली असती, या लागल्याच नसत्या.

मी वाचलं. "विमल, घाबरू नकोस. डॉक्टर म्हणतात तसं करा. पोर राहू दे, पायाचं मी बघेन." तुझ्या पत्रातून पाठ झालं होतं. एकदाही अडखळलो नाही. विमल भिंतीकडे बघत होती. तिला काय कळलंय आणि काय नाही, ते मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. पत्र मी परत तिला दिलं नाही.

मैना रडली नाही. तिने चादर डोक्यावरून ओढून घेतलान. तेव्हापासून माझ्या हातचं काही घेत नाही. मी पेला पुढे केला की ओठ मिटते. आज सकाळी आप्पांना म्हणाली, त्या माणसाला मुंबईला जायला सांगा. डॉक्टर हसले. म्हणाले, एवढा राग यायला अंगात रक्त लागतं, बरी होणार तुमची मुलगी.

तुझी आठवण काढते. तुझ्यावरचा संशय गेलाय, त्यामुळे आता तुलाच सगळं सांगायचं असेल. बंदर सोडून कुठे जाऊ नकोस, उद्या इकडे ये. अंघोळ करून ये, ठमाबाई म्हणते मासळीच्या बर्फाचा वास जात नाही.

ती तुला माझ्याबद्दल वाईट बोलेल. खूप बोलेल. सगळं ऐकून घे, मधे गाडीच्या नाहीतर आचाऱ्याच्या गोष्टी काढू नकोस. आणि मला वाचवायला जाऊ नकोस.

काशीराम